ते वरडणं तुझं होतं

प्रयाग, तुझी तेरवी होऊन चार दिस झाले. मी चौथी शिकलेला माणूस. आजवर भिंतीवर खडूनं मापं लिहिली, तेवढंच माझं लिहिणं. पण क्लबची पोरं वही आन् पेन देऊन गेली. म्हणाली, मामा, आपला बास्केटबॉलचा क्लब सुरू कसा झाला ते लिहा, आमी छापतो. मी लिहायला बसलो तं पयल्याच वळीला तू आडवी आलीस. म्हणून तुलाच सांगून राह्यलो. त्यांना छापायचं तं छापतील.

आधी एक सांगून टाकतो. मी खरं सांगितलं. सगळ्यांसमोर. त्या दिवशी ग्राउंडवर "डाळ उचलली रे" असं मी न्हाई, तू वरडली होतीस, हे सांगून मोकळा झालो. तू म्हणशील, लई जल्दी केली! म्हण. तुझा हक्कच हाय. तू होतीस तवा सांगायचं ते मी तू गेल्यावर सांगितलं. पण त्याच्या पुढं जे झालं ते तुला म्हाईत न्हाई, आन् ते सांगायला माझा जीव नुसता उड्या मारून राह्यला. थांब, पयल्यापासून घेतो. न्हाईतं आताच्या पोरांना काहीच कळायचं न्हाई.

जुन्या जालन्यात आपली दालमिल. आपली म्हणजे शेठची. मी तिथं मिस्त्री, तू फरशीवर. फरशी म्हणजे मिलमागचं मोठं पक्कं पटांगण, तिथं भिजवलेली तूर वाळत पडायची. तुमी बाया दिवसभर उन्हात ती तूर पायानं ओढायच्या, नांगरल्यासारख्या रेघा पडायच्या. तूर असो का डाळ, मिलमधी सगळ्याला डाळच म्हणायचे.

शेठचा धाकटा कमलेश शहरातून कॉलेज करून आला आन् येताना सोबत एक बॉल घेऊन आला. भोपळ्याएवढा, तांबडा, काळ्या रेघांचा. मोठ्या शेठनं विचारलं, "ये क्या लाया?" कमलेश म्हणाला, "डिग्री." त्या घरात त्या दिवशी कुणीच जेवलं न्हाई म्हणे.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला. "मिस्त्री मामा, गोडावनच्या भिंतीला एक कडं लावून द्या." मी जुन्या चाळणीची लोखंडी कडी काढली, ठोकून गोल केली आन् वेल्डिंग मारून बसवली. जाळी तू केलीस. बारदानाची सुतळी घेतली, दाभण घेतला, दोन दुपारच्या सुट्टीत विणून काढली. आन् खालून शिवून टाकली! पिशवीसारखी! कमलेशनं पयला बॉल टाकला, बराबर आत गेला आन् तिथंच बसला. सगळे माना वर करून उभे.

"मामी, हे खालून उघडं पाह्यजे."

"कामून?"

"बॉल खाली पडला पाह्यजे ना."

"मंग पाडायचाच हाय तं टाकता कशाला?"

दोन दिस पोरं बांबूनं बॉल काढत होती, मंग तू स्वतः चढून टाका उसवलास.

आता खेळायचं कुठं? फरशीवर तं डाळ. दुपार उतरली की मिलची सावली डाव्या अंगाला पडायची. सावलीत डाळ वाळत न्हाई, म्हणून डावं अंग मोकळं. उजव्या अंगाला ऊन, तिकडं सगळी डाळ. पोरांना मिळाली ती डाव्या हाताची पट्टी, बैलगाडी जाईल एवढी. कमलेश मालकाचा पोरगा होता, तो म्हणाला असता तं डाळ सरकली असती. पण तू कमरेवर हात ठिवून उभी राह्यलीस. "खेळा. पण ज्याचा बॉल डाळीत जाईल त्यानं पाय धुवायचे आन् अर्धा तास डाळ ओढायची. मालकाचा असो का हमालाचा."

आन् खरंच ओढायला लावलीस! पयल्या दिवशी कमलेश शेठ पॅन्ट दुमडून डाळीत पाय घासत चालला होता आन् बाया पदर तोंडात घालून हसत होत्या. हसीना म्हणाली, "छोटे शेठ, एडी से नहीं, पंजे से!" मोठे शेठ गच्चीवरून पाहत होते. वाटलं, आता गेलं काम. पण शेठ पुढं मला म्हणाले, "चार साल के कॉलेज से ज्यादा सीखा आज."

पोरांनी डाळ ओढायला लागू नये म्हणून काय काय केलं! बॉल गुडघ्याच्या वर उडू द्यायचा न्हाई. पायाजवळ, पोटाजवळ, मांजर पिलाला धरती तसा. विजू म्हणजे पांडू हमालाचा पोरगा, अंगानं काडी, तो तं भिंतीच्या आन् माणसाच्या फटीतून बॉल घेऊन निघायचा. आठ पोरं त्या पट्टीत, पण बॉल डाळीला शिवत नव्हता. दिवस कलला की तुमी बाया डाळ गोळा करायच्या, पोती भरायच्या, आन् शेवटचं पोतं उचललं की तू कमरेत वाकून, मिलच्या भोंग्यावर मात करून वरडायचीस, "डाळ उचलली रेऽऽ!" आन् ती पोरं! कोंडवाड्यातून वासरं सुटावी तशी उजवीकडं पळत सुटायची. अंधार पडेपर्यंत अर्धा तास सगळी फरशी त्यांची. तो अर्धा तास पाहायला मी मशीन पुसायचं काम मुद्दाम लांबवायचो. हेबी तुला कधी सांगितलं न्हाई.

असा आपला क्लब. ना पाटी, ना पावती. गावात लोक चिडवायला "डाळवाले" म्हणायचे, आज पोरांच्या शर्टावर तेच छापलंय.

मंग पयला टुर्नामेंट. नव्या जालन्यातल्या एका शाळेचं ग्राउंड, पाच-सहा गावांचे संघ. मी पाणी भरणारा म्हणून गेल्तो. आपली पोरं दोन मॅच जिंकून फायनलला गेली! समोर बदनापूरची उंचपुरी पोरं. पयल्या अर्ध्यात आपल्या पोरांनी त्यांना नाचवलं, हातात बॉलच लागू दिला न्हाई. पण त्यांचा सर हुशार. मधल्या सुट्टीत त्यानं वळखलं. ही पोरं उजवीकडं जातच न्हाईत! एवढं मोठं ग्राउंड, पण आपली आठ महिन्यांची सवय, पाय डाव्या पट्टीच्या भायेर पडंनात. उजवीकडं डाळ दिसायची त्यांना! बदनापूरवाल्यांनी पाचीच्या पाची डावीकडं आणून भिंत उभी केली. वरून त्यांचे लोक वरडून राह्यले, "अरे, ह्यांना देवानं उजवं अंग दिलंच न्हाई का?" कमलेश गळा फाडून सांगत होता, "राइट! राइट!" कुणाच्या डोक्यात शिरंना. आघाडी गेली, बरोबरी गेली, एका गुणानं मागं पडलो. मिनिटभर उरलं.

आन् मंग ते वरडणं.

तू तं फरशीवर पाह्यजे होतीस. हसीनाला डाळीपाशी बसवून तू पळत आल्ती, एक घंट्यासाठी, कुणाला न सांगता. फाटकाशी उभी राह्यलीस, तुला बास्केटबॉलमधलं ओ का ठो कळत न्हाई, पण पोरांना काय दिसून राह्यलं ते तुला दिसलं. आन् तू वरडलीस. "डाळ उचलली रेऽऽ!"

पोरं उजवीकडं सुटली. आपण जिंकलो!

जिंकलो खरं, पण तिकडं हसीनाचा डोळा लागला आन् गल्लीतल्या बकऱ्या फरशीवर चढून डाळ खाऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या शेठनं तुला-मला दोघांना उभं केलं. "काल ग्राउंडवर कोण बाई वरडली? लोक म्हणतात आपल्या मिलचं वरडणं होतं." तुझं काम जाणार होतं, प्रयाग. माझ्या तोंडातून निघून गेलं, "बाई कुठली शेठजी, मी वरडलो. जोर लावला की माझा आवाज फाटतो. ही तं फरशीवरच होती." मंग शेठ तुला म्हणाले, "फरशीवर होतीस तं बकऱ्या दिसल्या न्हाई? डोळे फुटले होते?" तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. खोटं मी बोललो, बोलणी तू खाल्लीस.

तिथपर्यंत बराबर होतं. काम वाचवायला बोललेलं खोटं, त्यात काय. पण लोक विचारायला लागले. चहावाला, दाढीवाला, क्लबात येणारी नवी पोरं. "मामा, सांगा ना." आन् मी सांगायला लागलो. दर वर्षी थोडं वाढवून. मी छातीत हवा भरली. मी हात वर केला. विजू उजवीकडून वाऱ्यासारखा सुटला, दोघांना चकवलं, हवेत तरंगला, बॉल कडीवर तीनदा गरगर फिरला आन् आत! तू बाजूला बसून ज्वारी निवडत असायचीस. "तीनदा" म्हणलो की तुझे हात थांबायचे. तेवढंच.

क्लबची पंचवीस वर्षं झाली तवा मला शाल दिली, नारळ दिला. परत येताना रिक्षात तू शाल चाचपून पाह्यलीस.

"शाल चांगली हाय."

"हं."

"अवो, शेठ गेले, मिल बंद पडली, त्या बकऱ्याबी कव्हाच मेल्या. आता कुणाला भ्याता?"

"सांगतो ना. पुढल्या टायमाला सांगतो."

"पुढल्या टायमाला मला शाल नगं. फकस्त सांगा."

रिक्षावाला आरशातून पाहत होता. मला राग आला. म्हणलो, "एका वरडण्याचं किती दिस धरून बसती?" तू म्हणालीस, "एका शालीचं किती दिस पांघरून बसता?" ते भांडण तिथंच राह्यलं. उचललं मी न्हाई, तू मातर दर दिवाळीला शाल उन्हात टाकताना माझ्याकडं एकदा पाहायचीस. भेकड म्हणालीस एकदा. बिलकुल खरं होतं.

शेवटच्या आठवड्यात मला चार वेळा वाटलं, आता सांगतो, ऐक, मी सगळ्यांना सांगणार हाय. तू डोळे मिटून पडलेली. मी म्हणलो, "पाणी देऊ?"

आता तेरवीचं ऐक. जुनी पोरं सगळी आल्ती. पोरं कसली, पोटं सुटलेली, गुडघे गेलेले. कमलेश केस काळे करतो आता, विजूचं टायरचं दुकान हाय. जेवणं उठली, मांडवात नवी पोरं बसली होती आन् कमलेश त्यांना सांगून राह्यला, "ह्या मामांचा आवाज काय आवाज व्हता! शेवटच्या मिनिटाला असे वरडले..."

मी म्हणलो, "मी न्हाई वरडलो. ही वरडली."

कमलेशनं हळूच माझ्या पाठीवर हात ठिवला. "मामा, व्हतं असं. दुःखात माणसाला वाटतं सगळं तिनंच केलं."

"अरे, वाटतं काय वाटतं! ती वरडली! मी खोटं बोललो!"

"मामा, पाणी घ्या."

प्रयाग, इतकी वर्षं खोटं सांगितलं तं कुणी हूं का चूं केलं न्हाई, आन् खरं सांगितलं तं कुणी मानंना! मला असा राग आला, पत्रावळ फेकली मी. म्हणलो, "साल्यांनो, तुमचे कान कुठं गेल्ते?"

तवा विजू बोलला. खाली पाहून. "मला आवाज बाईचा वाटला व्हता. तवाच. पण मामा इतके छातीठोक सांगायचे, माझाच माझ्या कानावर इश्वास बसंना."

"हं. आता?" मी म्हणलो.

कमलेशनं विचारलं, "मंग मामी वरडली तवा तुमी कुठं व्हते?"

हे मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुलाबी न्हाई. म्हणलो, आज अर्धं खरं कशाला. "नळावर होतो. कळशी भरत. हिचा आवाज कानावर पडला, वाटलं ही इथं कशी, डाळीपाशी कोण? कळशी हातातून सुटली, ती धरता धरता मागं गलका झाला. वळून पाह्यलं तं पोरं एकमेकांच्या अंगावर. बास्केट मी पाह्यलीच न्हाई."

मंग कमलेशला जे हसू फुटलं! खुर्चीतून खाली बसला तो. "पाह्यलीच न्हाई! पाह्यली न्हाई ते आमालाच सांगून राह्यले मामा, तीनदा फिरला म्हणून!"

विजू म्हणाला, "तीनदा काय, एकदाबी फिरला न्हाई. आन् मी टाकलीच न्हाई मामा. मी पाय घसरून आडवा पडलो व्हतो. पडल्या पडल्या बॉल ढकलला. टाकली ती कमलेशनं."

"मंग इतकी वर्षं बोलला का न्हाईस?"

"तुमी माझं नाव घ्यायचे. लोक सायकल थांबवून माझ्याशी हात मिळवायचे. मी कशाला दुरुस्त करू?"

मी कमलेशकडं पाह्यलं. तो डोळे पुसत म्हणाला, "मला वाटलं, मामांनी मुद्दाम विजूला मोठं केलं. चांगलं केलं. गप बसलो."

घे! एक खोटं मी सोडलं आन् त्याच्यावर किती जण संसार करून बसले होते! तेरवीच्या मांडवात आमी म्हातारे पोट धरून हसून राह्यलो. तुझी बहीण आतून येऊन म्हणाली, "लाज वाटती का?" वाटत नव्हती. तू असतीस तं तूबी पदर तोंडात घातला असतास.

कमलेश म्हणाला, "मामा, उद्या सकाळी तयार राहा. दाखवतो तुमाला."

आन् दाखवली! दुसऱ्या दिवशी सकाळी मला रिक्षात घालून त्याच शाळेच्या ग्राउंडवर नेलं. सुट्टी होती, मास्तरला आधीच सांगून ठिवलं होतं. नव्या पोरांना बदनापूर केलं. पाची जण डावीकडं भिंत करून उभे. जुने पाच आपले. कमलेशनं बुटाच्या लेस दोनदा बांधल्या. मी मधी रेघेवर असा उभा राह्यलो, जशी मॅच आजच हाय! विजू उजवीकडं सुटला. सुटला म्हणजे टायर घरंगळतं तसा. मंग पडायचं ठरलेलं होतं, पण तो खराच पडला! पडल्या पडल्या बॉल ढकलला, कमलेशनं उचलला, कडीमागच्या फळीवर मारला, हुकला. पुन्हा केलं, पुन्हा हुकला. तिसऱ्या खेपेला फळीच्या कोपऱ्यावर लागला आन् सरळ आत, कडीला शिवलासुद्धा न्हाई. फिरलाबिरला काही न्हाई. दोन पावलं, एक ढकल, एक टप्पा, झालं! आन् प्रयाग, मी सांगायचो त्याच्यापेक्षा हे किती भारी होतं! माणूस पडून बॉल देतो, हे मला सुचलंच नव्हतं कधी. मी टाळ्या वाजवल्या, नाचलो, कमलेशच्या दोन्ही खांद्यांवर थापा मारल्या. इतक्या वर्षांनी मी आपली पयली फायनल पाह्यली.

मंग मी विचारलं, "मामीचा आवाज कुठून आल्ता रे?"

विजूनं बोट केलं. फाटकाच्या अंगाला कडुलिंब हाय, त्याच्या बुडाला ओटा. मी गेलो, चढलो. कमलेश तिकडून वरडला, "मामा, आता तुमी मामी! द्या आवाज, पुन्हा करतो!"

मी छातीत हवा भरली आन् समोर पाह्यलं.

समोर कडी. आन् कडीच्या बराबर मागं, भिंतीला, नळ. एका रेषेत. त्या ओट्यावरून कडीकडं पाहायचं म्हणलं तं नळ दिसल्याबिगर राहतच न्हाई.

म्हणजे मी तुझ्या डोळ्यासमोर होतो. सगळ्यांपेक्षा कडीच्या जवळ, आन् पाठमोरा. कळशीवर वाकलेला. तू सगळं पाह्यलंस. विजू पडला ते, कमलेशनं टाकली ते, आन् मी वळलो न्हाई ते. तरी मी तुझ्यासमोर बसून तीनदा फिरला, तीनदा फिरला करत राह्यलो. तू मला भेकड म्हणालीस, शालीवरून टोमणे मारलेस. भांडणात तुझ्या हातात एवढा मोठा दगड होता, "तुमी तं नळावर व्हते," एवढंच बोलायचं होतं, पोरांसमोर, रिक्षात, कुठंबी. माझं काय उरलं असतं? एकदा बोलली न्हाईस. माझ्याशीसुद्धा न्हाई.

आन् मी समजत होतो की तुला म्हाईत न्हाई.

"मामा, वरडा ना!" विजू गुडघा चोळत म्हणाला. "आमचं आंग थंड पडून राह्यलं!"

"थांब रे," मी म्हणलो. "मला जरा इथून पाहू दे."